रिसायकल्ड सोनं म्हणे, पण गाळलं कुणी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या सोन्यापासनं हातानं घडवलेल्या ‘एथिकल’ दागिन्यांवर पानभर लेख होता, फोटो एकदम झकास, पण वाचून हसू आलं अन् जरा रागही आला म्हणून लिहितेय. आम्ही विट्याचे. आमच्या खानापूर-आटपाडीकडं गलाई म्हणजे काय ते शेंबडं पोरगंही सांगेल. पाऊस नाही, शेतीत काही नाही, म्हणून माणसं गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायला, बाहेर पडली ती देशभर पांगली. माझे वडील कोइमतूरला होते. तुटक्या पाटल्या, झिजलेली जोडवी, अगदी सोनाराच्या दुकानातली झाडलेली धूळसुद्धा, त्यातनं धातू परत काढायचा. ह्यालाच रिसायकलिंग म्हणतात हे त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

गेल्या महिन्यात आईची बोरमाळ मोडायला सांगलीला गेले होते. मण्यातली लाख वजा, वर घट वजा, ते असो. तिथं रिसायकल्ड सोन्याच्या कानातल्यांचा वेगळा ट्रे, मजुरी नेहमीपेक्षा जास्त. काउंटरवरच्या पोराला विचारलं, हे गाळलं कुणी? तर म्हणे मॅडम ते बाहेरनं येतं, हॉलमार्क आहे ना. अरे बाबा, ९१६ चा शिक्का शुद्धतेचा अन् तो सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, सोनं खाणीतलं की कुणाच्या आजीच्या पाटलीतलं ते त्यावरनं कसं कळणार?

तर बाहेर म्हणजे आमच्यासारख्यांच्या भट्टीवर. जुनं सोनं मुशीत वितळवून त्यात दुप्पट-तिप्पट चांदी घालायची, मग ते तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडात, उकळायचं, म्हणजे चांदी-तांबं विरघळतं आणि सोनं खाली तपकिरी भुकटी होऊन राहतं, बघणाऱ्याला वाटेल माती आहे. ती धुऊन परत मुशीत, तेव्हा कुठं पिवळं दिसतं. विरघळलेली चांदीपण तांब्याचा पत्रा टाकून परत काढतात, सोनं-चांदी काहीच वाया जात नाही. पण तेजाब उकळताना लालसर धूर निघतो ना, तो वाईट. तेव्हा नुसता ठसका लागतो, माणूस काम उरकून जेवतो आणि मग रात्री छाती भरून येते. वडिलांना उतारवयात जिना चढवत नव्हता. खोली दहा बाय दहाची, धूर ओढायला एक साधा पंखा.

केडीएम दागिन्यांचंही तसंच होतं की. डाग द्यायला, म्हणजे दागिन्याचे सांधे जोडायला, कॅडमियम, त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसात नि किडनीत, आणि आपण बायका केडीएम आहे म्हणून चारचौघीत मिरवायचो, मीसुद्धा.

जुनं सोनं वापरायला माझा विरोध नाही हो, उलट चांगलंच आहे, खाणीसाठी डोंगर फोडायचा अन् कुठंकुठं पाऱ्यानं नदी नासवायची त्यापेक्षा कधीही बरं. फक्त एथिकल म्हणून जादा मजुरी घेता तर त्यातले चार पैसे भट्टीवाल्याच्या चिमणीला जाऊ देत की! तुमच्या वार्ताहरांनी शोरूमचे फोटो काढून झाले की मागच्या गल्लीतपण जावं, तेजाबाचं पाणी कुठं सोडतात तेवढं बघावं. नाहीतर यात्रेच्या दिवसांत इकडं या, बाहेरगावची गलाईवाली माणसं गावाला आलेली असतात, भेट घालून देते, चहा आमच्याकडं.

आपली,
एक वाचक, विटा, जि. सांगली