उसाचं वजन येतं कुठून?

प्रिय दिन्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. अडसाली उसाची लागण उरकली हे वाचून जीव भांड्यात पडला. तू विचारलंयस की कार्बन क्रेडिटवाला एकजण बांधावर येऊन सांगून गेला, "ऊस हवेतला कार्बन खातो, त्याचे पैसे मिळतील," तर हे खरं की थाप? पहिला भाग सोळा आणे खरा. पैशाचं खाली लिहितो.

एक टन उसात साधारण ७०० किलो पाणीच असतं. उरलेल्या ३०० किलोत १३० ते १३५ किलो नुसता कार्बन. तो काळ्या रानातून आलेला नाही, हवेतून आलाय. त्यासाठी उसानं जवळजवळ ५०० किलो कार्बन डायऑक्साइड ओढलेला असतो. आता हवेत हा वायू किती? दहा हजार रेणूंत चार. म्हणजे त्या एका टनासाठी सहा-साडेसहा लाख घनमीटर हवेतला सगळा वायू लागला. आपण खताच्या पोत्यांचा हिशेब ठेवतो म्हणून पीक जमीन खाऊन वाढतं असं वाटतं. युरिया-पोटॅश लागतंच रे, पण वजनाच्या मानानं ते किरकोळ.

हा वायू पानात शिरल्यावर पुढं काय होतं ते कळलं शेवाळावरनं, आणि ती हकीकत मला फार आवडते. १९४० साली कॅलिफोर्नियात बर्कलीला मार्टिन केमन आणि सॅम्युअल रूबेन यांना कार्बन-१४ हा कार्बनचाच एक प्रकार सापडला. हा किरणोत्सारी, त्यामुळं तो कुठं कुठं फिरला याचा माग काढता येतो. रूबेन १९४३ मध्ये प्रयोगशाळेतल्या विषारी वायूच्या अपघातात गेला. युद्ध संपल्यावर तिथंच मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी काम पुढं नेलं. त्यांनी क्लोरेला आणि सेनेडेस्मस ही हिरवी शेवाळं एका चपट्या गोल काचपात्रात घेतली. आकारावरून त्याचं नाव पडलं लॉलिपॉप. दोन्ही बाजूंनी प्रखर दिवे. वरून कार्बन-१४ असलेलं बायकार्बोनेट (म्हणजे पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइडच म्हण) सोडायचं, काही सेकंद मोजायचे आणि खालची तोटी उघडायची. शेवाळ थेट गरम अल्कोहोलमध्ये! पेशी तिथंच मेल्या, रसायनं होती तशी थांबली.

मग तो अर्क मोठ्या कागदाच्या कोपऱ्यावर ठिपक्यानं लावायचा. एका द्रावणात कागद बुडवून ठिपका एका दिशेनं चढू द्यायचा, वाळवायचा, काटकोनात फिरवून दुसऱ्या द्रावणात. मिसळलेली रसायनं अशी कागदभर पांगतात. त्यावर एक्स-रेची फिल्म ठेवून वाट बघायची. जिथं कार्बन-१४ पोचलाय तिथं काळा डाग. अर्ध्या-एक मिनिटाच्या शेवाळात डागच डाग, साखरा काय, अमिनो आम्लं काय. पण पाच सेकंदांच्या कागदावर मुख्य डाग एकच. तीन कार्बनचं फॉस्फोग्लिसरिक आम्ल.

तीन कार्बन दिसल्यावर वाटलं, दोन कार्बनच्या कशाला तरी एक येऊन चिकटत असणार. ते दोनवालं काही सापडेना. निघालं भलतंच. पाच कार्बनच्या साखरेला एक चिकटतो, सहा होतात आणि लगेच त्याचे तीन-तीनचे दोन तुकडे पडतात. असे सहा तुकडे झाले की त्यातले पाच परत ती पाच कार्बनची साखर बनवायला जातात, निव्वळ कमाई एका तुकड्याची. पिकातलं बियाणं आधी बाजूला काढावं तशातली गत. १९६१ चं नोबेल एकट्या कॅल्विनला मिळालं. बेन्सन १९५४ मध्येच तिथून बाहेर पडला होता. माझ्या मते हा सरळ अन्याय.

तो एक कार्बन चिकटवणारं प्रथिन म्हणजे रुबिस्को. काम इतकं महत्त्वाचं, पण गडी महा मंद. सेकंदाला जेमतेम दोन-चार रेणू. वर घोटाळा असा की मधेच कार्बन डायऑक्साइड समजून ऑक्सिजन पकडतो, मग ते निस्तरण्यात मिळवलेलं थोडं घालवावं लागतं. उन्हाळा वाढला की घोटाळा वाढतो. गहू, भात, सोयाबीन हे निमूट सोसतात. शेवाळांनी रुबिस्को एका गाठीत कोंबून तिथंच हा वायू दाटीनं भरण्याची सोय केली. शेवाळ म्हणून हसू नकोस, पृथ्वीवर हवेतला कार्बन पकडण्याच्या कामाचा जवळजवळ निम्मा वाटा समुद्रातल्या सूक्ष्म जिवांचा आहे.

तुझ्या उसानंही तोडगा काढलाय. उसाचं पान उजेडासमोर धर, बारीक शिरा किती दाटीनं आहेत बघ. बाहेरच्या पेशी वायू पकडून चार कार्बनचं आम्ल करतात आणि शिरेभोवतीच्या पेशींत नेऊन सोडतात. रुबिस्को तिथं आत असतो, त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइडच इतका की ऑक्सिजनला वाव कमी. हवाईतल्या ऊससंशोधकांना सुगावा लागला होता, ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये तो उलगडला. ज्वारी, बाजरी, मका, नाचणी, आणि तुला छळणारी हरळी नि लव्हाळा, सगळे याच पंथाचे.

आता पैशाचं. ऊस कार्बन पकडतो, पण ठेवतो कुठं? साखर आपण खाऊन श्वासावाटे परत सोडतो, बगॅस म्हणजे रस काढलेली चिपाडं कारखान्याच्या बॉयलरमध्ये जातात, पाचट तू पेटवलंस तर तासाभरात परत हवेत. राहिलं तर मुळांचं आणि कुजलेल्या पाचटाचं थोडं, तेही रान सारखं नांगरलंस तर उडणार. तेव्हा नुसता ऊस लावल्याबद्दल कोणी पैसे देतो म्हणाला तर संशय घे. किती वर्षं जमिनीत टिकवायची अट आहे, मोजणार कोण, मधेच मोडलं तर काय, एवढं विचार. सही करण्याआधी कागदाचा फोटो मला धाड. आणि क्रेडिट मिळो न मिळो, खोडव्यात पाचट जाळू नकोस, सरीत कुजव.

जाता जाता एक गंमत. तुझ्या परसात पानफुटी आहे ना? तिचं पान पहाटे चावलं तर आंबट लागतं, दुपारी बेचव. ती रात्री पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, उघडून वायू घेते आणि आम्ल करून साठवते, दिवसा दारं लावून त्याची साखर करते, म्हणजे उन्हात पाणी उडत नाही. हे भारतात बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतीतज्ज्ञानं चाखून पाहिलं आणि लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं. १८१५ मध्ये ते छापून आलं, कारण उमगायला शंभरावर वर्षं गेली. आपली घोळाची भाजी तर आणखी बेरकी, एरवी उसासारखी वागते आणि पाण्याची ओढ बसली की पानफुटीचा मार्ग धरते.

छोटीला हा प्रयोग करायला लाव. मात्र चावून थुंकायचं, गिळायचं नाही, आणि पानफुटी गुरांपुढं टाकू नकोस, त्यांना बाधते. काय चव लागली ते तिलाच लिहायला सांग.

वहिनींना नमस्कार, काकांना साष्टांग दंडवत.

तुझा,
वसंता