आई-बाबा, ती नोटीस माझीच आहे

आई, बाबा,

परवा फोनवर बाबा विचारत होते "कसली रे ही नोटीस" आणि मी "काही नाही, जुनं कागदपत्राचं आहे" म्हणून फोन ठेवला, त्यानंतर रात्रभर झोप नाही. हे फोनवर सांगायला मला जमत नाही, आईचा आवाज जरा बदलला की माझी बोबडीच वळते. म्हणून लिहून धाकटीच्या व्हॉट्सॲपवर पाठवतोय, ती रविवारी आली की वाचून दाखवेल.

आधी कामाचं. बाबा, शेत विकायचं नाही. गिऱ्हाईक बघायला सुरुवात केलीय असं कळलं, ते आजच्या आज थांबवा. आणि सिन्नरचा तो माणूस जो ५० हजारात "आतून मिटवून देतो" म्हणतोय त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. जीएसटीचा पैसा चलन काढूनच भरावा लागतो, कोणाच्या हातात रोख दिले तर ते माझ्या नावावर कुठेच जमा दिसणार नाहीत, थकबाकी आहे तशीच राहील आणि तुमचे ५० हजार जातील ते वेगळेच.

नोटीस खरी आहे. जीएसटीच्या थकबाकीचीच आहे, तिच्यावरचा रेफरन्स नंबर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून बघितला, खोटी असती तर बरं झालं असतं. माझ्या पॅनवर अजून गावचाच पत्ता आहे म्हणून ती तुमच्या ओसरीत येऊन पडली.

आता पहिल्यापासून सांगतो. अंबडचा गाळा २०१६ ला घेतला तेव्हा बाबा तुम्ही नारळ फोडायला आला होता, ग्रिल, गेट, पत्र्याचे शेड, चांगलं चाललं होतं. जुलै २०१७ ला जीएसटी आला, तोही अंगवळणी पडला. लॉकडाऊनमधूनसुद्धा आम्ही कसेबसे निघालो. बुडालो ते २०२१ च्या दिवाळीनंतर, एका कॉन्ट्रॅक्टरच्या साइटवर जिन्याच्या रेलिंगचं आणि शेडचं काम घेतलं, त्याची तीन बिलं झाली १४ लाख २० हजारांची, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे २,५५,६००. बिलं पोर्टलवर चढवली कारण त्याला क्रेडिट, म्हणजे माझ्या बिलातला जीएसटी त्याच्या टॅक्समधून वजा करायला पाहिजे होता, रोज फोन करून मागायचा. बिलं चढली आणि त्याचा फोन उचलणं बंद झालं.

तर इथे मेख अशी आहे की टॅक्स बिल फाडलं की लागतो, पैसे मिळाले की नाही ते सरकार विचारत नाही. गिऱ्हाइकाने बुडवलं म्हणून जीएसटी माफ होत नाही. मला एक नवा पैसा आला नव्हता आणि अडीच लाख मी भरायचे होते. बरं थोडे थोडे भरावेत तर तेही नाही, त्या रिटर्नचा पूर्ण टॅक्स भरल्याशिवाय रिटर्न पुढे सरकतच नाही, म्हणून मी ते राहू दिलं, म्हटलं कॉन्ट्रॅक्टरचे पैसे आले की एकदम भरू. सहा महिने रिटर्न गेलं नाही म्हणून खात्यानेच माझा जीएसटी नंबर रद्द केला. आणि मी येडा, मला वाटलं चला, नंबरच गेला, म्हणजे विषय संपला.

गाळा सोडला तो दिवस मी तुम्हाला कधी सांगितलाच नाही. भंगारवाला टेम्पो घेऊन आला, काट्यावर कटर, पाइप बेंडिंगचं मशीन, उरलेले अँगल सगळं एकत्रच टाकलं, म्हटलं अरे मशीन चालू आहे, लावून दाखवतो, तर म्हणाला शेठ मी लोखंडाचा भाव देतो, चालू-बंदचा नाही. दोघा पोरांचे पगार आणि गाळ्याचं थकलेलं भाडं त्यातून दिलं. जीएसटीसाठी काही उरलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी ते डोक्यातही नव्हतं.

बंद करतानाही फायनल रिटर्न नावाची एक भानगड असते, तीन महिन्यांत भरायची, नाहीतर दिवसाला २०० रुपये लेट फी, कमाल १० हजार. हे मला कोणी सांगितलं नाही असं मी म्हणत होतो, पण सीएने मेल दाखवला, सांगितलं होतं. मीच उघडला नव्हता. पोर्टलवरच्या नोटिसासुद्धा अशाच, बंद धंद्याच्या पोर्टलवर कोण लॉगिन करून बघणार, मेल जायचे जुन्या अकाउंटंटच्या आयडीवर आणि तो कधीच दुसरीकडे गेलेला. २०२४ मध्ये कारणे दाखवा नोटीस आली, जानेवारी २०२५ मध्ये ऑर्डर झाली. टॅक्स २,५५,६००, व्याज वर्षाला १८ टक्क्यांनी १,३८,०२४, दंड १० टक्के म्हणजे २५,५६०. एकूण ४,१९,१८४. अपिलाला तीन महिने असतात, वर उशीर माफ करून घ्यायला एक महिना. मला कळलं जुलैमध्ये.

कळलं कसं तर एटीएममधून पैसे येईनात. आषाढी होऊन गेलेली, आई, तुझ्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे पाठवायचे होते आणि मी तुला सांगितलं बँकेचा सर्व्हर डाऊन आहे. सर्व्हर नव्हता गं डाऊन. खात्याने बँकेला पत्र देऊन खातं गोठवलं होतं आणि त्यातले ६१,३०० बँकेने तिकडे वळते केले. त्या खात्यावर दुसरं नाव तुझं आहे, आणि त्यात तू शेळ्या विकून ठेवायला दिलेले १५ हजारही होते. ते तुझे आहेत हे मी कुठल्या कागदावर दाखवणार होतो? ते मी तुला देणं लागतो, वहीत लिहिलंय. तुझं नाव आता त्या खात्यावरून काढायला टाकलंय. बाबांच्या पेन्शनच्या खात्यावर माझं नाव नाही, तिथे कोणी हात लावत नाही.

ऑपरेशन चार महिने पुढे ढकललं ते माझ्यामुळे. यापुढे मला काही लिहिता येत नाहीये.

बाबा, तुमच्या मनात जे आहे ते मला माहितीये, घरावर कोणी येईल, दारावर कागद चिकटवतील, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. नाही येत. धंदा माझ्या एकट्याच्या नावाचा होता, तो बंद झाला तरी कर्ज माझ्याच अंगावर राहतं कारण कायद्याने दुकान आणि मी एकच, पण एकच म्हणजे मीच, तुम्ही नाही. जमीन तुम्ही १९९४ ला स्वतःच्या पैशाने घेतली, सातबाऱ्यावर तुमचं एकट्याचं नाव. वडिलोपार्जित असती तर माझ्या हिश्श्याचा प्रश्न निघाला असता, ही तशी नाही. घरपट्टीही तुमच्याच नावाची. जेलचं म्हणाल तर तेही नाही, मी खोटी बिलं फाडलेली नाहीत आणि खटल्यासाठी रक्कम कोटींतली लागते, आपण कुठले कोटीवाले.

आणि तुम्ही सुचवलं तसं माझा इथला वन बीएचके आईच्या नावावर करायचा नाही. तुम्हाला वाटतं वाचेल, पण थकबाकी असताना ती चुकवायला मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर केली तर तो व्यवहार खात्यापुढे टिकत नाही, उलट आईला त्यात ओढल्यासारखं होईल. फ्लॅटवर तसंही बँकेचं कर्ज आहे.

सीएकडे दोन रविवार बसलो. आधी आशा होती की एखादी माफी योजना लागू होईल. व्याज-दंड माफीची आली होती, पण ती २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांची, आमचं वर्ष २०२१-२२. लोखंडाच्या खरेदीवरचं क्रेडिट वजा करून मागावं तर त्याची मुदत नोव्हेंबर २०२२ लाच गेली, त्यातही सवलत मिळाली ती २०२०-२१ पर्यंतच्यांना. मग हप्त्यांचा अर्ज केला. २४ पर्यंत मिळू शकतात, आम्हाला १८ मिळाले, महिन्याला साधारण २० हजार, व्याज वेगळं. ऑफिसातल्या माणसाने पाणी विचारलं, नीट बोलला, मी मात्र उगाचच भांडायच्या तयारीने गेलो होतो. खातं सुटायला मात्र तीन आठवडे लागले, ते म्हणे मेल केला, शाखा म्हणे आला नाही, मग मी प्रिंट घेऊन स्वतः शिक्का मारून आणला.

दोन हप्ते गेलेत. एक जरी चुकला तरी उरलेली सगळी रक्कम एकदम भरायला लागते, म्हणून पगार झाला की पहिलं चलन. पगार ३८ हजार, तुमच्या सुनेने शाळेतलं काम धरलंय, चालतंय. गाडी विकली, हेही सांगितलं नव्हतं, बसने जातो. कॉन्ट्रॅक्टरवरही केस टाकलीय, माझं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, होतं म्हणून लघुउद्योगांच्या समाधान पोर्टलवर अर्ज करता आला, पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदाच आहे. निघतील तेव्हा निघतील, त्यांच्यावर हिशोब बांधलेला नाही. एकदा बांधला होता.

तर आता एवढं करा. नोटीस आणि तिचं पाकीट, दोन्हीचे पुढून-मागून फोटो धाकटीला काढायला सांगा. पुन्हा कोणी कागद घेऊन आलं तर सही करून घ्या आणि मला फोन करा, परत पाठवू नका. काकांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, मी लपवा म्हणत नाही. आई, मंगळसूत्र मोडायचं म्हणालीस असं धाकटी सांगत होती, ते बोलूही नको परत.

ऑपरेशनची तारीख मी डॉक्टरांकडून पुढच्या महिन्याची घेतलीय, आदल्या रात्री येतो. गोठ्याच्या फाटकाची बिजागरी तुटलीय ना, बाबा तुम्ही घेऊन दिलेलं छोटं वेल्डिंग मशीन मी भंगारात घातलं नव्हतं, ते घेऊन येतो. फक्त त्या दिवशी मोटर बंद ठेवा, मागच्या वेळी अख्ख्या आळीची लाईट घालवली होती आपण.

तुमचा,
बाळू