रेन्वारचे तीन चेहरे : ती नक्कल नव्हे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतल्या लेखात फ्रेंच चित्रकार रेन्वारच्या ‘तीन रेखाटनांचा दगड’ या चित्राखाली ‘रेखाचित्राची छापील प्रत’ असे छापले आहे. ते दुरुस्त व्हावे. हे शिलामुद्रण (लिथोग्राफ) आहे. दगडावरून उठवलेली प्रत्येक छाप ही मूळ कलाकृतीच असते.

चुनखडीच्या घोटलेल्या दगडावर मेण, चरबी, साबण आणि काजळीच्या खडूने चित्र उमटते. वरून डिंक व किंचित नायट्रिक आम्लाचा हात फिरवतात. मग कोरी जागा पाणी धरते आणि खडूची रेघ तेलकट शाई. आम्ल जास्त झाले तर गालावरच्या अशा हलक्या रेषा आधी खाल्ल्या जातात. कमी पडले तर मोकळ्या जागेवर शाईचा मळ चढतो. संधिवाताने हात आखडत चाललेल्या रेन्वारला सुईने तांब्यावर ओरखडण्यापेक्षा हा मऊ खडू मानवला असणार, असे आम्हाला वाटते. या चेहऱ्यांतला सैल, न अडखळणारा हात पाहावा.

लेखात या चित्राला दिलेले १९१९ हे सालही अर्धेच खरे. रेखाटने १९०४ च्या सुमाराची आहेत. १९१९ मध्ये पॅरिसचे कलाविक्रेते व्होलार यांनी बारा शिलामुद्रणांच्या संचात ती प्रकाशित केली: ५० संच जपानी कागदावर, ९५० साध्या, रेघांची जाळी नसलेल्या ‘वोव्ह’ कागदावर. त्याच वर्षी ३ डिसेंबरला रेन्वार गेले. म्हणून दोन्ही साले द्यावीत.

विकत घेणाऱ्यांनी दहापट भिंग जवळ ठेवावे. खऱ्या छापेत दगडाच्या रव्याचे वेडेवाकडे ठिपके दिसतात. ऑफसेट नकलेत ठिपक्यांची आखीव जाळी. रविवर्मा प्रेसच्या जुन्या छापा आणि त्यांच्या आजच्या नकला ओळखायलाही हीच खूण चालते. दगडातच उमटलेली सही पेन्सिलची म्हणून खपवतात, तिथेही भिंग लावावे: पेन्सिलची रेघ तिरप्या उजेडात चकाकते. समास कापलेला असेल तर किंमत बरीच उतरते.

फ्रेम करताना आम्लयुक्त पुठ्ठा वापरला की चित्राभोवती तपकिरी चौकट उठते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बुरशीचे डाग पडतात, म्हणून छाप काचेला टेकू देऊ नये आणि फ्रेम बाहेरच्या ओल्या भिंतीवर लावू नये. चिकटपट्टी तर नकोच. गव्हाच्या खळीने जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या फक्त वरच्या कडेला लावाव्यात.

— मुद्राचित्रांचे काही अभ्यासक, पुणे