घर घेतलंय, आई-बाबा

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

घर घेतलं, इथे लंडनलाच. आधी हेच लिहून टाकते, नाहीतर चार पानं हवापाण्यावर खर्च करीन आणि मुद्द्याची गोष्ट ता. क. मध्ये कोंबीन. करारावर सह्या झाल्या, किल्ल्या पुढच्या महिन्यात मिळतील. फोनवरच सांगणार होते. पण फोनवर आई "बरं झालं हो" म्हणते आणि पुढे दोन दिवस नुसतं हं-हं करते, आणि बाबा पहिल्या वाक्याला व्याजदर विचारतात. पत्र निदान शेवटपर्यंत वाचावं लागतं.

म्हणजे ईरा चौथीत जायच्या आत पुण्याला यायचं आपलं ठरलं होतं, ते आता जमणार नाही. कधीच येणार नाही असं मी कुठेही लिहिलेलं नाही, तुम्हीही तसं वाचू नका. भाडं दरवर्षी वाढतंय. समीरचं काम आत्ता कुठे मार्गी लागलंय. ईराच्या शाळा भाड्याच्या घरांपायी बदलत राहिल्या, आता कुठे तिला एक जिवाभावाची मैत्रीण मिळालीय. आणि हप्ता भाड्यापेक्षा फार जास्त नाही, मी कागदावर मांडून पाहिलंय, हवं तर तो कागदही पाठवते. कर्वेनगरच्या फ्लॅटसारखं होणार नाही. वकिलाने सगळं तपासलंय. बाबा, जमीन मात्र आपली नाही. इथे फ्लॅट बहुतेक लीजवरच विकतात. आपल्या लीजची शंभरावर वर्षं शिल्लक आहेत, ईराच्या नातवंडांनी पुढचं बघावं.

आई, आता बसून वाच. घराच्या मागच्या रस्त्यापलीकडे दफनभूमी आहे. झालं, लिहिलं. नन्हेडची दफनभूमी म्हणतात तिला, १८४० सालची. आता तिचं अगदी रान झालंय. थडग्यांवर वेली चढल्यात, लोक कुत्री फिरवायला येतात, बाबागाड्या ढकलतात. वास्तुशांत करणारच आहोत. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गुरुजींची चौकशी करून ठेवलीय. १९३२ पासूनचं मंडळ आहे ते, असल्या शंका त्यांनी खूप निस्तरल्या असतील. आणि नाना गेल्यावर तूच म्हणाली होतीस ना, गेलेली माणसं कुणाला त्रास देत नाहीत, असलेलीच देतात.

त्याच दफनभूमीत चढावर एके ठिकाणी झाडांमध्ये फट मुद्दाम राखलीय. तिच्यातून थेट सेंट पॉल चर्चचा घुमट दिसतो, मधे अख्खं शहर पसरलेलं असूनही. बाबा, हे तुमच्यासाठी. हा घुमट लांबून दिसत राहावा म्हणून १९३७ पासून आसपासच्या इमारतींच्या उंचीवर बंधनं आहेत. लेडनहॉल रस्त्यावर सव्वादोनशे मीटरच्या आसपास उंचीची एक इमारत आहे, ती एका बाजूने चक्क तिरकी उतरत आणलीय, फ्लीट स्ट्रीटवरून येणाऱ्याला तिच्यामुळे घुमट झाकला जाऊ नये म्हणून. लोक तिला खिसणी म्हणतात. तुम्ही जन्मभर नकाशे पास केलेत. पर्वती दिसावी म्हणून कुणी स्वतःहून मजला कमी केलेला आठवतोय का?

दर रविवारी तुम्ही विचारता, "या आठवड्यात काय पाहिलंस?" अहो बाबा, नावाजलेलं जे काही आहे ते मी बसच्या खिडकीतून पाहते, आणि निम्म्या वेळा तेव्हाही मोबाइलमध्ये असते. शनिवारवाड्यात तरी आपण पाहुणे आल्याशिवाय कधी गेलो? नव्या घराजवळून ७८ नंबरची बस मिळते. ती टॉवर ब्रिजवरून जाते आणि मला ऑफिसपाशी लिव्हरपूल स्ट्रीटला सोडते. एकदा बसलं की बसलं, कुठे बदलायची नाही. पूल १८९४ चा, पण नदीतल्या जहाजाचा मान अजून पहिला. उंच डोलकाठीचं गलबत आलं की फाटक बंद, रस्ता मधोमध दुभंगून वर जातो आणि बस, सायकली, ॲम्ब्युलन्ससुद्धा उभी. पर्यटक फोटो काढतात, आम्ही रोजचे लोक घड्याळ बघून च्च करतो. १९५२ मध्ये याच ७८ नंबरच्या बसखाली पूल वर उचलायला लागला होता. अल्बर्ट गंटर नावाच्या ड्रायव्हरने ब्रेक न मारता वेग वाढवला आणि प्रवाशांसकट बस पलीकडच्या भागावर उडवली. बक्षीस किती, तर दहा पौंड. आई, आता तसं होत नाही, लगेच देवाला साकडं घालू नकोस.

सकाळी बस अशी अडकली की मी तुला फोन करते. तुझी त्या वेळी जेवणाची ताटं घेणं चालू असतं, भांड्यांचा आवाज येतो. डावीकडे लंडन टॉवर असतो, आणि बाबांनी आत कोहिनूरपुढच्या सरकत्या पट्ट्यावरून पुन्हा पुन्हा फेऱ्या मारल्या होत्या, "जरा बघू तरी द्या की आमचाच आहे तो" असं मराठीत पुटपुटत, ते आठवून मी बसमध्ये एकटीच हसते.

खाली थेम्सला भरती-ओहोटी असते. दिवसातून दोनदा पाणी चढतं-उतरतं, कधीकधी सात मीटरपर्यंत. ईरा लहान असताना चिखल उघडा पडलेला पाहून विचारायची, "खडकवासल्याचं पाणी बंद केलं का?" तुमच्याच गोष्टी तिच्या डोक्यात. मला सायकलच्या दांडीवर बसवून तुम्ही पूर दाखवायला न्यायचात, पायाला मुंग्या आल्या तरी मी उतरायला तयार नसायचे. पण बाबा, आता परतीच्या पावसात पाणी सोडलं तर तुम्ही भिडे पुलाकडे जायचं नाही. बातम्यांत दाखवतात. पर्वतीसुद्धा रोज नको. गेल्या महिन्यात तिथे चक्कर येऊन पायरीवर बसलात, हे मला खालच्या काकूंकडून कळतं. तुमच्याकडून नाही, आईकडूनही नाही. मी रागावलेले नाही. पण सही करताना माझा हात त्याच गोष्टीने अडखळला होता, आणि ते तुम्हाला ठाऊक असायला हवं.

म्हणून घर तळमजल्याचं घेतलंय. जिना नाही, आईच्या गुडघ्यांना उंबरठ्याएवढीसुद्धा चढण नाही. दोन खोल्यांतली बागेकडची तुमची. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवतोय, आणि हो, पाण्याचा जेटही, मागच्या वेळचा प्रश्न मिटला. ओटा आईच्या उंचीचा आहे. बाजारात भेंडी, कच्ची केळी, हिरव्या मिरच्या रोज मिळतात. कोथिंबीर मात्र पुण्यासारखी घमघमत नाही, ती मी कुठून आणू!

आणि घड्याळाचं. आम्ही आलो तेव्हा बिग बेन परांचीत होतं, २०१७ ते २०२२ दुरुस्ती चालली. मी पाठवलेल्या पहिल्या फोटोवर आईने विचारलं होतं, "रंग काढतायत का?" त्या घड्याळाच्या लंबकावर जुन्या पेन्या ठेवतात. एक पेनी वाढवली की दिवसाला ०.४ सेकंदाने ते पुढे जातं. आठवड्यातून तीनदा किल्ली देतात, आणि देणारी माणसं पगारी, धडधाकट असतात. बाबा, तुम्ही स्टुलावर चढून किल्ली द्यायची नाही. घड्याळ बंद पडलं तर पडू दे. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं मागे जातील, आपल्यातला फरक साडेचारचा साडेपाच तास होईल. तेव्हा माझा सकाळचा फोन तुमच्या वामकुक्षीत येईल. मी घरातून निघण्याआधीच करत जाईन.

दिवसभराच्या बाई एक तारखेपासून येतील. नाही म्हणू नका, आगाऊ पैसे दिलेत. त्यांना स्वयंपाकघरात शिरू द्यायचं की नाही ते आई ठरवेल, पण गोळ्यांचा डबा त्यांच्याच ताब्यात. स्कूटर विका. न्हाणीघरातलं ते पायपुसणं फेकून दे आई, सरकतं.

एप्रिलची तिकिटं काढते, व्हीलचेअर दोघांनाही सांगते. बाबा, मान खाली घालण्यासारखं त्यात काही नाही, रांग चुकते. त्याआधी आईच्या पासपोर्टची मुदत बघून कळवा. आणि शुगरच्या रिपोर्टचा फोटो पाठवाल तो पूर्ण पानाचा पाठवा, अंगठा बाजूला घेऊन. मागच्या वेळी नेमका आकडाच झाकला गेला होता, आणि तो चुकून झाकला गेला यावर माझा अजून विश्वास नाही.

तुमची,
मनू