नांगरावरून हेल्मेटचे वय ठरत नाही

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत इटालियन नौदलाच्या हेल्मेटचे छायाचित्र पाहिले. खाली ‘दुसऱ्या महायुद्धातील’ असे छापले आहे. मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होतो आणि ही हेल्मेटे गेली कित्येक वर्षे जमवतो आहे. छायाचित्रातल्या हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी विणलेल्या कापडाची दिसते. युद्धकाळात ती चामड्याची असे. पट्टी नंतर बदलली असू शकते, त्यामुळे तेवढ्यावरून मी निकाल देणार नाही. पण इतक्या खात्रीने ओळ छापण्याआधी कोणीतरी ते उलटे करून पाहायला हवे होते.

गोंधळाचे मूळ असे. या हेल्मेटला एम ३३ म्हणतात. माथ्यावर उंच कणा असलेले जुने एड्रियन हेल्मेट मागे पडले आणि १९३० च्या दशकात हे आले. घुमटासारखा साधा पोलादी आकार, वरच्या बाजूला तीन पोकळ रिवेट. त्यांतून हवा खेळते आणि आतले चामडेही त्यांनीच धरलेले असते. हाच आकार भूदलाने वापरला, नौदलाने वापरला, आणि युद्ध संपल्यावरही कित्येक दशके चालू राहिला. जुनी हेल्मेटे पुन्हा रंगवून वापरात घेतली गेली. त्यामुळे करडा रंग आणि समोर नौदलाचे चिन्ह म्हणून रंगवलेला जहाजाचा नांगर एवढ्यावरून १९४१ आणि १९६१ यांतला फरक कळत नाही.

नांगर तर सगळ्यात शेवटी पाहावा. स्टेन्सिल आणि थोडा रंग असला की तो दहा मिनिटांत उमटतो. चिन्हात इटलीच्या सॅव्हॉय राजघराण्याचा मुकुट असेल तर ते राजेशाहीच्या काळातले असल्याचा दावा करते, कारण जून १९४६ च्या सार्वमतानंतर इटली प्रजासत्ताक झाले. मात्र मुकुट नाही म्हणजे नक्की युद्धानंतरचे, असेही नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने दोस्त राष्ट्रांशी केलेल्या शस्त्रसंधीनंतर उत्तरेत मुसोलिनीचे जे प्रजासत्ताक उभे राहिले, त्याच्या नौसैनिकांनाही राजाचा मुकुट नको होता.

माझे पहिले करडे हेल्मेट मी इटलीतल्या ला स्पेझिया बंदराच्या जुन्या बाजारातून घेतले. जहाज दुरुस्तीला लागले होते आणि हातात ऐंशी हजार लिरा होते. विकणाऱ्याने शपथेवर सांगितले की हे ‘रोमा’ युद्धनौकेवरचे आहे. पुढे एका वयस्कर इटालियन संग्राहकाला ते दाखवले. त्यांनी नांगराकडे पाहिलेही नाही. आधी उलटे केले, चामड्याची कड नखाने जरा उचलली आणि भिंग लावून रिवेटच्या टोपीखाली पाहिले. तिथे करड्याखाली भूदलाचा राखाडी-हिरवा रंग होता. करडा रंग रिवेटवरून जाऊन चामड्याच्या कडेलाही लागलेला होता, म्हणजे आतले सगळे बसवून झाल्यावर कोणीतरी ब्रश फिरवला होता. मग त्यांनी नांगर दाखवला. कपाळावरचा एक लांब ओरखडा नांगरापाशी येऊन थांबत नव्हता, त्याच्या खालून जात होता, आणि नांगराचा रंग त्या खाचेत भरलेला होता. ओरखडा आधीचा, नांगर नंतरचा. शेवटी जांभळ्या (अल्ट्राव्हायोलेट) दिव्याखाली पट्टीच्या शिवणीचा दोरा निळसर पांढरा चमकला. तशी चमक देणारी रसायने धाग्यांत सर्रास आली ती युद्धानंतर.

जहाजावर गंज उतरवत आयुष्य गेल्यामुळे रंगाचे थर मला वाचता येतात, पण त्या दिवसापर्यंत हेल्मेटवर ती नजर टाकायचे सुचले नव्हते. तेव्हापासून मी सांगतो: आधी आत पाहा, मग रिवेट, मग ओरखडे, आणि नांगर सर्वांत शेवटी. एक सावधगिरी मात्र ठेवा. युद्ध चालू असतानाही हेल्मेटे पुन्हा रंगवली जात. दोन थर दिसले म्हणजे लबाडी झालीच, असे समजू नका.

‘रोमा’ ९ सप्टेंबर १९४३ रोजी जर्मन विमानांनी टाकलेल्या नियंत्रित बॉम्बने बुडाली. हजाराहून जास्त माणसे गेली. तिचे अवशेष २०१२ साली सापडले, सुमारे हजार मीटर खोल. माझ्या हेल्मेटच्या पोलादावर खाऱ्या पाण्याने पडणारी एकही खाच नाही, चामडे कोरडे आणि सरळ आहे. त्या माणसांचे नाव खोट्या वस्तूला जोडले जाणे मला सहन होत नाही, म्हणून त्याच्या चिठ्ठीवर मी आता ‘भूदलाचे हेल्मेट, नंतर रंगवलेले’ असे लिहून ठेवले आहे.

संपादक महाशय, त्या हेल्मेटचे आतून काढलेले छायाचित्र मिळाले तर छापावे. रिवेट आणि चामड्याची कड स्पष्ट दिसू द्यावी. आणि मालकांना एवढे कळवावे की कृपा करून ते घासू नका, तेल लावू नका, नव्याने रंगवू तर मुळीच नका. जे काही समजायचे आहे ते त्या जुन्या थरांतच आहे.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनिअर