घरट्यांची छायाचित्रे छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण एका वाचकाने काढलेले नाचण पक्ष्याच्या घरट्याचे छायाचित्र मोठे करून छापले. चोची वासलेली तीन पिल्ले, काठावर घास घेऊन आलेला पक्षी आणि खाली ओळ, ‘आईची माया’. (नाचणाचे नर-मादी सारखेच दिसतात आणि पिल्लांना दोघेही भरवतात.) छायाचित्र सुरेखच होते. पण मला त्यात घरट्यावरच्या दोन छाटलेल्या फांद्या दिसल्या. पांढरी, ताजी टोके.

नाचणाचे घरटे कोळिष्टकांनी बांधलेली एवढीशी वाटी. पानाआड लपणे हाच तिचा बचाव. फोटोत आड येणारी डहाळी कापली, की पिल्लांवर थेट ऊन येते आणि कावळ्या-भारद्वाजांना घरटे उघडे पडते. माणूस कुठे घुटमळतो, यावर कावळ्याचे बारीक लक्ष असते. फोटो काढणारा अर्ध्या तासात निघून जातो, पुढे काय झाले ते त्याला कधीच कळत नाही.

मीही वीस वर्षे कॅमेरा वापरतो, म्हणून हे पोटतिडकीने लिहीत आहे. मे महिन्यात गंगापूर धरणाच्या काठावर टिटवीची चार अंडी होती. पाचजण त्यांच्याभोवती मोबाइल घेऊन वाकले होते आणि टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. त्यांना वाटले, थोडा वेळ अंडी उबवली नाहीत तर काय बिघडते? पण त्या उन्हात टिटवी अंड्यांवर सावली धरून बसते, पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. तापलेल्या दगडांवर ती उघडी राहिली, तर आतला जीव शिजतो. मी विनवणी केल्यावर ते हटले, पण जाताना एकाने तिथल्या तिथे ठिकाण ग्रुपवर टाकले. निफाडला आमच्या शेतात टिटवीची अंडी दिसली, की वडील औत वळवून घेत, तेवढा तुकडा पडीक राहिला तरी चालेल म्हणत.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्यपक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना बाधा आणणे हेही येते. बंदूक नसली तरी. हे अनेक हौशी छायाचित्रकारांना ठाऊकच नसते.

पक्ष्यांचे फोटो काढूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात येणारी तलवार बदके इथे घरटी करत नाहीत. तिथल्या चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावरून त्यांचे हवे तेवढे फोटो काढावेत. काळजी घ्यायची ती आपल्याकडे वीण करणाऱ्या पक्ष्यांची. अंजनेरीच्या कड्यांवरचे गिधाड हंगामात एकच अंडे घालते. ते गेले, तर त्या जोडीचे वर्ष वाया गेले.

लोक असे फोटो काढतात, कारण ते छापले जातात आणि त्यांचे कौतुक होते. म्हणून माझी विनंती छायाचित्रकारांआधी आपल्याला आहे. घरटे, अंडी किंवा घरट्यातली पिल्ले असलेले छायाचित्र स्वीकारू नये, मग ते कितीही चांगले असो. इतर पक्ष्यांच्या फोटोंखालीही नेमकी जागा देऊ नये, तालुका पुरेसा आहे.

आता पाऊस पडला, की विहिरींवरच्या बाभळींना सुगरणींचे खोपे लटकू लागतील आणि आपल्याकडे त्यांचे फोटो येऊ लागतील. त्याआधीच्या एखाद्या रविवारी पुरवणीत ही सूचना छापावी.

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक