कोसळणाऱ्या भिंतीचं गणित

महोदय,

सगळंच बिघडत जाणाऱ्या विनोदी प्रयोगात नट ऐनवेळी वाट्टेल ते करतात, असं परीक्षणांतून सर्रास लिहिलं जातं. प्रत्यक्षात प्रत्येक फजिती आधी आखलेली असते. लंडनच्या डचेस थिएटरमध्ये २०१४ पासून ‘द प्ले दॅट गोज राँग’ हे असंच नाटक चालू आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याला २०१७ चं टोनी हे नाट्यपारितोषिक मिळालं ते नेपथ्यासाठी!

नटाच्या अंगावर फ्लॅट, म्हणजे नेपथ्यातली उभी भिंत, पडतो आणि नट तिच्या खिडकीतून सहीसलामत उभा राहतो, ही अशा प्रयोगांतली जुनी करामत. फ्लॅट खाली बिजागऱ्यांवर असतो. साडेपाच फुटी नट बिजागरीपासून पाच फुटांवर उभा असेल, तर त्याच्या डोक्याजवळून फ्लॅटचा साधारण साडेसात फुटांवरचा भाग जातो. म्हणून खिडकी बिजागरीपासून चार ते साडेआठ फुटांपर्यंत मोकळी हवी. हौशी मंडळी नेमकी इथे चुकतात, खिडकीची वरची कड नटाच्या उंचीवरच ठेवतात. उभं राहायच्या जागी टेप हवीच. कापड ताणलेला फ्लॅट हवेवर जरा रेंगाळत येतो, प्लायवूडचा धाडकन.

हशा ओसरायच्या आत पुढची फजिती आली तर ती वाया जाते. तिचा क्यू, म्हणजे नेमक्या क्षणाची खूण, विंगेतला माणूस देतो. परीक्षणात त्याचं नाव छापायला काय हरकत आहे?

— रंगमंच व्यवस्था सांभाळणारे काही जण, पुणे